एकच जागा, पसंतीक्रमाची मतपत्रिका: मोजणी कशी करायची

वाचनालयाच्या अध्यक्षपदासाठी अ, ब, क आणि ड असे चौघे उभे आहेत असं धरा. १०० सभासदांनी मतदान केलं आणि प्रत्येकाने चौघांनाही १ ते ४ असा क्रम दिला. मतपत्रिका लावल्या तेव्हा चारच प्रकारचे गठ्ठे झाले:

३८ मतपत्रिका: अ, क, ड, ब
३० मतपत्रिका: ब, क, ड, अ
२० मतपत्रिका: क, ब, ड, अ
१२ मतपत्रिका: ड, ब, क, अ

निवडून कोण आलं? पहिल्या पसंतीची मतं पाहिली तर अ पुढे आहे, ३८. पण उरलेल्या ६२ जणांनी त्याला सगळ्यात शेवटी टाकलंय. शेवटच्या उमेदवाराला बाद करत गेलो तर ब निवडून येतो. दोघादोघांना समोरासमोर उभं केलं तर क सगळ्यांना हरवतो. मतपत्रिका त्याच, एकाही सभासदाचं मत बदललेलं नाही, आणि तरी तीन निकाल, तिन्ही नियमाप्रमाणे बरोबर.

म्हणून पसंतीक्रमाची निवडणूक घ्यायची ठरली की पहिलं काम मतपत्रिका छापणं नाही. मोजणी कोणत्या नियमाने होणार, मतं समसमान झाली तर काय करायचं, अर्धवट भरलेल्या मतपत्रिकेचं काय, हे सगळं मतदानाआधी कागदावर उतरवून, सभेत वाचून, सह्या घेऊन ठेवायचं. पेटी उघडल्यावर नियम ठरवायला बसलात तर प्रत्येक जण आपला माणूस जिंकेल तोच नियम योग्य आहे असं सांगणार. आणखी एक: संस्था नोंदणीकृत असेल, विशेषतः सहकारी गृहनिर्माण संस्था किंवा पतसंस्था, तर निवडणुकीची पद्धत कायद्याने आणि उपविधींनी ठरलेली असते. ती सभेच्या ठरावाने बदलता येत नाही. खालची माहिती मंडळं, मित्रमंडळं, क्लब, कार्यालयातल्या समित्या आणि ज्यांच्या घटनेत पद्धत मोकळी ठेवली आहे अशा संस्थांसाठी आहे.

मतपत्रिका

उमेदवारांची नावं एकाखाली एक, प्रत्येकासमोर एक चौकोन, आणि वर ठळक सूचना: "ज्यांना सर्वाधिक पसंती त्यांच्यासमोर १ लिहा, त्यानंतर २, ३... बरोबरची खूण किंवा फुली करू नका." सूचनेतला शेवटचा भाग गाळू नका. आपल्याकडे आयुष्यभर लोकांनी शिक्का मारला आहे किंवा बटण दाबलं आहे, त्यामुळे हात आपोआप बरोबरच्या खुणेकडे जातो.

अंक कोणते चालतील तेही सांगा. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात अंक इंग्रजी, रोमन किंवा कोणत्याही भारतीय भाषेतले चालतात, मात्र "एक", "दोन" असं अक्षरात लिहिलेलं चालत नाही. छोट्या निवडणुकीत मी एकच लिपी ठरवून देईन. घाईत लिहिलेला मराठी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी ४ इंग्रजी आठसारखा. चार उमेदवार असतील तर अर्थ लागतो, कारण नववा क्रम असूच शकत नाही. दहा उमेदवार असतील तर मात्र टेबलावर वाद उभा राहतो. सगळ्यांना एकाच रंगाचे पेन केंद्रावरच द्या. पदवीधरच्या निवडणुकीत आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केचपेनाशिवाय दुसऱ्या कशाने लिहिलं तर मत अवैध ठरतं. तो नियम जाचक वाटतो, पण त्यामागे कारण आहे: वेगळी शाई म्हणजे मतदार ओळखू येण्याची सोय.

अवैध मत कशाला म्हणायचं याची यादी तिथल्या नियमांतून जशीच्या तशी घ्यायला हरकत नाही. १ हा अंक कुठेच नसेल, १ दोघांसमोर असेल किंवा नक्की कोणासमोर आहे ते कळत नसेल, एकाच नावासमोर १ आणि आणखी एखादा अंक असेल, किंवा मतदाराची ओळख पटेल असं काही लिहिलेलं असेल, तर मतपत्रिका अवैध. बाकीच्या चुकांनी संपूर्ण मत वाया जात नाही. १ बरोबर आहे पण २ दोघांना दिलाय, किंवा १ नंतर थेट ३ लिहिलाय, तर पहिल्या पसंतीचं मत धरलं जातं. दुसऱ्या पसंतीची वेळ आली की ती मतपत्रिका तिथे थांबते, म्हणजे "संपलेली" मानली जाते. १ नंतर थेट ३ लिहिणाऱ्याला तुम्ही सवलत देऊन तो ३ दुसरी पसंती धरू शकता. मला ती सवलत योग्य वाटते, कारण मतदाराचा हेतू स्पष्ट असतो. पण हेही आधी लिहून ठेवा.

सगळे क्रम भरणं सक्तीचं करायचं का? ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधी सभेसाठी १९१८ पासून पसंतीक्रमाने मतदान होतं आणि तिथे सगळ्या चौकोनांत अंक भरावा लागतो. चार-पाच उमेदवारांपर्यंत हे ठीक आहे. त्यापुढे लोक वरून खाली १, २, ३, ४ असे अंक ओढत जातात, मग यादीत वर असलेल्याचा फायदा होतो. उमेदवार जास्त असतील तर सक्ती नको. आणि शक्य असेल तर वेगवेगळ्या मतपत्रिकांवर नावांचा क्रम फिरवा.

बाद फेरीची पद्धत

महाराष्ट्रात हीच सर्वांत ओळखीची, कारण विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधर आणि ७ शिक्षक मतदारसंघांच्या जागा अशाच भरल्या जातात. तिथली नियमावली इतकी घट्ट बांधलेली आहे की छोट्या संस्थेने ती उचलली तरी चालेल.

१. सगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळा आणि २५-२५ चे गठ्ठे बांधा. एकूण आकडा मतदान केलेल्यांच्या सह्यांच्या यादीशी जुळला पाहिजे. इथे एक कागद कमी-जास्त असेल तर पुढे जाऊ नका.

२. अवैध मतपत्रिका बाजूला काढा. शंकास्पद कागद टेबलावरच्या माणसाने ठरवू नये. ते वेगळ्या ट्रेमध्ये ठेवून निवडणूक निर्णय अधिकारी आणि सगळ्या उमेदवारांचे प्रतिनिधी यांच्यासमोर एकेक दाखवून निकाली काढावेत.

३. कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी किमान मतं, काढा. वैध मतांना २ ने भागा, बाकी सोडून द्या, १ मिळवा. १०० वैध मतांना ५१. १०१ मतांनाही ५१. पुष्कळ ठिकाणी चूक होते ती इथे: कोटा एकूण पडलेल्या मतांवर नाही, वैध मतांवर काढायचा असतो. म्हणून अवैध मतांचा निकाल लागेपर्यंत कोटा जाहीर करू नका.

४. पहिल्या पसंतीप्रमाणे गठ्ठे करा आणि मोजा. कोणी कोट्याला पोहोचलं की संपलं.

५. नाही पोहोचलं तर सगळ्यात कमी मतं असलेल्याला बाद करा. त्याच्या गठ्ठ्यातली प्रत्येक मतपत्रिका उघडून पुढची उपलब्ध पसंती बघा. "उपलब्ध" हा शब्द महत्त्वाचा: दुसरी पसंती आधीच बाद झालेल्या उमेदवाराला असेल तर तिसरी बघायची. पुढे कोणाचंच नाव नसेल तर कागद संपलेल्यांत टाका.

६. बेरीज तपासा. रिंगणात उरलेल्यांची मतं अधिक संपलेली मतं बरोबर वैध मतं. हे प्रत्येक फेरीला जुळलंच पाहिजे. नाही जुळलं तर त्याच फेरीत थांबून चूक शोधा. तीन फेऱ्यांनंतर ती सापडत नाही.

७. कोणी कोट्याला पोहोचेपर्यंत किंवा रिंगणात एकच उमेदवार उरेपर्यंत हेच पुन्हा.

वाचनालयाच्या उदाहरणात पहिल्या फेरीत अ ३८, ब ३०, क २०, ड १२. ड बाद, त्याच्या १२ मतपत्रिका ब कडे. आता ब ४२, अ ३८, क २०. क बाद, त्याच्या २० ब कडे. ब ६२. निवडून आला.

आता समजा क च्या २० पैकी १५ जणांनी दुसरी पसंती लिहिलीच नव्हती. मग क बाद झाल्यावर ब ४७, अ ३८ आणि संपलेल्या १५. कोटा ५१, कोणीच पोहोचलं नाही. इथे बऱ्याच मोजणाऱ्यांची गाडी अडते. आपल्या नियमात कोटा फेरीगणिक कमी होत नाही, तो ५१ च राहतो. पण सर्वांत कमी मतांचा अ बाद झाला की ब एकटाच उरतो आणि तो कोट्याविना विजयी घोषित होतो. म्हणजे "पसंतीक्रमात विजेत्याला नेहमी निम्म्याहून जास्त मतदारांचा पाठिंबा असतो" हे वाक्य सर्रास म्हटलं जातं, ते पूर्ण खरं नाही. संपलेल्या मतपत्रिका जितक्या जास्त तितकं ते खोटं होत जातं. निकालपत्रात संपलेल्या मतांचा आकडा म्हणूनच ठळक द्यावा.

शेवटच्या दोघांची मतं समसमान असतील तर? पदवीधरच्या नियमात अशा वेळी पहिल्या पसंतीची मतं ज्याची कमी तो बाद. तीही सारखीच असतील तर चिठ्ठी. गावात आपण तिला ईश्वरचिठ्ठी म्हणतो. नियमात चिठ्ठी कोणी, कशी आणि कोणासमोर काढायची ते लिहा, आणि चिठ्ठीत निघणारं नाव बाद होणाऱ्याचं की राहणाऱ्याचं हे चिठ्ठी टाकण्याआधी मोठ्याने सांगा.

आमदारांमधून होणाऱ्या विधान परिषद निवडणुकीशी याची गल्लत करू नका. तिथे एकाच वेळी अनेक जागा भरतात, म्हणून कोट्यापेक्षा जास्त पडलेली मतं पुढे वळवावी लागतात आणि एका मताचं मूल्य १०० धरलं जातं. एकाच जागेच्या निवडणुकीत जास्तीची मतं वळवण्याचा प्रश्नच येत नाही. कोटा झाला की मोजणी थांबते.

वेळेचा अंदाज आधीच घ्या. उमेदवार वीस-पंचवीस असतील तर तितक्याच बाद फेऱ्या होऊ शकतात आणि प्रत्येक फेरीत कागद हाताने उलगडावे लागतात. २०२३ मध्ये अमरावती पदवीधर मतदारसंघाची मोजणी दुसऱ्या दिवसावर गेली ती याच पद्धतीमुळे. छोट्या निवडणुकीत एक सवलत नियमात घालता येते: तळाच्या काही उमेदवारांची मतं एकत्र केली तरी त्यांच्या लगेच वर असलेल्यापेक्षा कमी भरत असतील, तर त्या सगळ्यांना एकदम बाद करायचं. निकाल तोच येतो आणि बराच वेळ वाचतो.

हाच हिशोब राष्ट्रपती निवडणुकीत आहे, फक्त तिथे प्रत्येक मताला मूल्य असतं. आपल्या इतिहासात दुसऱ्या पसंतीपर्यंत निकाल ताणला गेला तो एकदाच, १९६९ मध्ये. वैध मतमूल्य ८,३६,३३७, म्हणजे कोटा ४,१८,१६९. पहिल्या मोजणीत व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८ आणि आपले चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. बाकीचे सगळे बाद होईपर्यंत गिरी ४,२०,०७७ वर आणि रेड्डी ४,०५,४२७ वर पोहोचले. वजाबाकी करून बघा: नव्याने मिळालेल्या मतांत रेड्डींना ९१,८७९ आणि गिरींना फक्त १८,५६२. देशमुखांना पहिली पसंती देणाऱ्यांचा कल कुठे होता ते स्पष्ट दिसतं. तरीही गिरी कोट्याच्या वर १,९०८ ने गेले. पहिल्या फेरीतली आघाडी पुरली, पण थोडक्यात.

या पद्धतीचं मोठं बलस्थान असं की तुमची दुसरी पसंती तुमच्या पहिल्या उमेदवाराला कधीच नडत नाही. पहिला रिंगणात आहे तोवर तुमचा दुसरा अंक कोणी बघतच नाही. लोकांना हे सांगा, म्हणजे ते निर्धास्तपणे पुढचे अंक भरतील.

दोषही तितकाच ठळक आहे. आमच्या उदाहरणात अ च्या ३८ समर्थकांना ब सगळ्यात नावडता होता आणि क चालला असता. त्यांनी प्रामाणिकपणे अ ला १ दिला आणि पदरी ब पडला. त्यांच्यातल्या फक्त १० जणांनी क ला १ आणि अ ला २ दिला असता, तर ड बाद झाल्यावर ब ४२, क ३०, अ २८ झाले असते. अ बाद होऊन त्याची २८ मतं क कडे गेली असती आणि क ५८ मतांनी निवडून आला असता. म्हणजे आपल्या आवडत्याला पहिली पसंती देणंच महागात पडलं. हे कागदावरचं भय नाही. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन शहरात २००९ च्या महापौर निवडणुकीत अगदी हेच झालं. पहिल्या पसंतीत कर्ट राइट पुढे, बाद फेऱ्यांनंतर बॉब किस ४,३१३ विरुद्ध ४,०६१ ने विजयी, आणि अँडी माँट्रोल, जो मतपत्रिकांप्रमाणे दोघांनाही समोरासमोर हरवत होता, तो आधीच बाद झालेला. २०१० मध्ये शहराने ही पद्धतच रद्द केली.

याचंच एक सोपं रूप श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत आहे. मतदार तीन पसंती देतो, पहिल्या मोजणीत कोणाला निम्म्याहून जास्त मिळाली नाहीत तर पहिले दोघे सोडून बाकी सगळे एकदम बाद. २०२४ मध्ये पहिल्यांदाच तिथे दुसरी मोजणी करावी लागली. मोजायला फार सोपी, पण वाचनालयात हीसुद्धा क ला पहिल्याच फटक्यात बाहेर काढते.

समोरासमोर मोजणी

अठराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या काँदोर्सेच्या नावाने ही ओळखली जाते. १७८५ मध्ये त्याने मांडलेला प्रश्न साधा आहे: जो उमेदवार बाकीच्या प्रत्येकाला एकास एक लढतीत हरवतो, तो जिंकू नये याला काही कारण आहे का? मला तरी सापडलेलं नाही. म्हणूनच तीन तुल्यबळ उमेदवार असतील आणि मोजायला बसणारे निवांत असतील तर मी हीच पद्धत सुचवेन.

चार उमेदवारांच्या सहा जोड्या होतात. पाचांच्या १०, आठांच्या २८. सूत्र: उमेदवारांची संख्या गुणिले त्याहून एक कमी, भागिले दोन. प्रत्येक जोडीसाठी सगळ्या मतपत्रिका बघून कोणाचा अंक लहान ते मोजायचं. ज्याला अंकच दिला नाही तो सगळ्या अंकवाल्यांच्या खाली. दोघांनाही अंक नसेल तर त्या जोडीत ती मतपत्रिका कोणाचीच नाही.

एकेक जोडीसाठी सगळा ढीग पुन्हापुन्हा चाळू नका. आधी एकसारखे क्रम असलेल्या मतपत्रिकांचे गठ्ठे लावा, जसे वर चार झाले. मग प्रत्येक गठ्ठ्याचा आकडा सहाही जोड्यांत एकदाच भरायचा. वाचनालयाचा तक्ता असा होतो:

अ–ब: ३८–६२
अ–क: ३८–६२
अ–ड: ३८–६२
ब–क: ४२–५८
ब–ड: ५०–५०
क–ड: ८८–१२

सगळे क्रम भरलेले असतील तर प्रत्येक ओळीची बेरीज १०० आलीच पाहिजे. क तिन्ही लढती जिंकतो. आणि अ ची ओळ बघा: पहिल्या पसंतीत सर्वांत पुढे असलेला उमेदवार एकूण एक लढती हरतो.

संगणकावर करायचं असेल तर एक्सेलमध्ये प्रत्येक मतपत्रिकेला एक ओळ, प्रत्येक उमेदवाराला एक रकाना. मोकळ्या जागी ९९ टाका, नाहीतर एक्सेल रिकामा चौकोन शून्य समजतं आणि ज्याला कोणी पसंतीच दिली नाही तो सगळ्यांना हरवून बसतो. मग "या रकान्यातला अंक त्या रकान्यापेक्षा लहान" अशा ओळी मोजा. टाइप करताना एकाने वाचायचं, दुसऱ्याने भरायचं, तिसऱ्याने दर २५ व्या कागदाला पडद्यावरची ओळ क्रमांकासह पडताळायची.

आता अडचण. कधी कधी सगळ्यांना हरवणारा कोणी नसतोच. वेगळं उदाहरण म्हणून ९ मतदार घ्या (इथला क वाचनालयातला नाही): ४ जण क, ख, ग असा क्रम देतात, ३ जण ख, ग, क आणि २ जण ग, क, ख. क ने ख ला ६–३ हरवलं, ख ने ग ला ७–२, आणि ग ने क ला ५–४. चक्र झालं. याची सोय नियमात नसेल तर निवडणूक इथेच लटकते.

चक्र तोडायचे दोन व्यवहार्य मार्ग आहेत. एक: तळाच्या उमेदवाराला बाद फेरीप्रमाणे काढत जायचं आणि दर वेळी उरलेल्यांत कोणी सगळ्यांना हरवतो का ते बघायचं. दुसरा: मोठ्या फरकाचे निकाल आधी पक्के करत जायचं आणि जो निकाल आधीच्यांशी चक्र बनवतो तो सोडून द्यायचा. वरच्या उदाहरणात ७–२ आणि ६–३ पक्के, ५–४ सोडला, विजयी क. पहिल्या मार्गानेही इथे क च येतो.

पण दोन्ही सारखे नाहीत, आणि फरक वाचनालयात दिसतो. ब च्या ३० समर्थकांनी ब ला १ देऊन बाकी चौकोन मुद्दाम मोकळे सोडले तर? अ–क लढत ३८–३२ होते, क हरतो. ब ने अ ला ६२–३८ हरवलंय, क ने ब ला ५८–४२. चक्र तयार. पहिल्या मार्गाने ड आणि मग क बाद होतो आणि ब जिंकतो, म्हणजे मोकळे चौकोन सोडण्याची युक्ती फळली. दुसऱ्या मार्गाने सर्वांत कमी फरकाचा, ३८–३२ चा, निकाल सोडला जातो आणि क च जिंकतो. म्हणून दुसरा मार्ग घ्या. समजावून सांगायला दोन मिनिटं जास्त लागतात, पण युक्ती करणाऱ्याच्या हाती फारसं लागत नाही. डेबियन ही मुक्त सॉफ्टवेअरची मंडळी आपला प्रकल्पप्रमुख याच कुळातल्या, पण जरा गुंतागुंतीच्या शुल्झ पद्धतीने निवडतात.

दुसऱ्या पसंतीने पहिल्याला नडू नये ही बाद फेरीतली हमी इथे नाही. सभासदांना ते खरंखरं सांगून टाका.

गुणांची पद्धत

१ ला ३ गुण, २ ला २, ३ ला १, ४ ला ०, बेरीज करायची, जास्त गुण तो विजयी. काँदोर्सेच्याच काळातल्या बोर्दाची ही पद्धत. शाळेतल्या स्पर्धांच्या परीक्षणामुळे सगळ्यांना चटकन पटते. वाचनालयात क २०८, ब १५४, ड १२४, अ ११४. एकूण ६००, म्हणजे १०० मतपत्रिका गुणिले ६ गुण, ही तुमची पडताळणी. निकाल इथे चांगला आला.

तरीही चुरशीच्या निवडणुकीत ही वापरू नका. ब च्या ३० समर्थकांना कळलं की क पुढे आहे. ते क ला मुद्दाम शेवटी ढकलतात: ब, ड, अ, क. आता ब १५४, ड १५४, क १४८, अ १४४. क खाली आला. क चे २० जणही तेच करतात, ब ला एक पायरी खाली: क, ड, ब, अ. आता ड १७४, क १४८, अ १४४, ब १३४. ज्याला पहिल्या पसंतीची अवघी १२ मतं होती आणि ज्याला क ने ८८–१२ हरवलं असतं तो ड अध्यक्ष झाला. कोणालाच नको असलेला निकाल, आणि तो लावला दोन्ही बाजूंच्या हुशारीने. अर्धवट मतपत्रिकांचे गुण कसे द्यायचे हा वेगळाच घोळ. गुणांची पद्धत नाटकाच्या, निबंधाच्या परीक्षणाला ठेवा, जिथे परीक्षकांना कोण जिंकतं याच्याशी देणंघेणं नसतं.

तीन किंवा जास्त उमेदवार असले की पसंतीक्रमाची निर्दोष पद्धत असूच शकत नाही, हे केनेथ अ‍ॅरो यांनी १९५१ मध्ये गणिताने सिद्ध केलं. तेव्हा "सगळ्यात चांगली पद्धत" शोधत बसण्यापेक्षा तुमच्या संस्थेत कोणता दोष खपेल ते ठरवा. सभासदांना पदवीधर निवडणुकीची सवय आहे, उमेदवार दोन मोठे आणि बाकी किरकोळ आहेत, तर बाद फेरी घ्या, तिथे तिचा दोष सहसा डोकं वर काढत नाही. तिघे तुल्यबळ असतील तर समोरासमोर.

निकालपत्र

विजेत्याचं नाव एवढंच लावू नका. एकूण मतदान, अवैध मतं आणि प्रत्येक अवैध मताचं कारण, कोटा, प्रत्येक फेरीत कोणाला किती आणि संपलेल्या किती, हे सगळं एका तक्त्यात. बाद फेरीने मोजणी केली असली तरी समोरासमोरचा तक्ताही शेजारी लावा. बाद झालेला उमेदवार विजेत्याला हरवत होता असं त्यात दिसलं, तर या वेळचा निकाल बदलत नाही, तो ठरलेल्या नियमाने लागला आहे. पण पुढच्या वेळी नियम बदलायचा का, हे सभासद आकडे समोर ठेवून ठरवू शकतात.

फेरमोजणीची मागणी किती वेळात करायची, कोणी करायची आणि पूर्ण की फक्त एका फेरीची, हे नियमातच असू द्या. फरक सर्वांत कमी असलेली फेरी बहुधा शेवटची नसते. ती मधली असते, जिथे दोन-तीन मतांनी कोणी बाद झालं. वाचनालयात अ आणि क यांची मतं २९-२९ झाली असती तर सगळा निकाल त्या एका चिठ्ठीवर लटकला असता. फेरमोजणी मागणारा प्रतिनिधी जाणकार असेल तर तो तिथेच बोट ठेवेल, आणि तुमच्याकडे त्या फेरीचे गठ्ठे वेगळे बांधून, चिठ्ठी लावून ठेवलेले असले पाहिजेत. प्रत्येक फेरीनंतर बाद उमेदवाराचा गठ्ठा मुख्य ढिगात मिसळू नका. "फेरी २, क कडून ब कडे, २०" अशी चिठ्ठी आणि दोन सह्या करून रबर लावा. मोजणी संपल्यावर सगळे गठ्ठे एका पाकिटात, पाकिटावर लाख किंवा सह्यांची पट्टी, आणि तक्रारीची मुदत संपेपर्यंत कपाटाची किल्ली कोणत्याही उमेदवाराच्या नातेवाइकाकडे नाही.